दोन मिनिटांची शिफ्ट

लग्न होऊन रोह्याला आले त्याला आता बरीच वर्षं झाली. बाजारात जायचा माझा रस्ता एका कंपनीच्या जुन्या कॉलनीवरून जातो, आणि त्या कॉलनीत बास्केटबॉलचं एक मैदान होतं. होतं म्हणायचं, कारण आता तिथे स्कूटरी लावतात. एका बाजूचा खांब तेवढा शिल्लक आहे. त्याला रिंग नाही, कुणीतरी कपडे वाळत घालायची दोरी बांधली आहे. तिथे पोचले की माझी पावलं आपोआप हळू होतात. हातात मेथीची जुडी, वय पन्नाशीला टेकलेलं, आणि डोळे जातात ते मैदानाच्या डाव्या कोपऱ्यात. त्या कोपऱ्यात आम्ही मुंबईकडच्या धिप्पाड पोरींना कोंडायचो. आज घरात सांगितलं तरी कुणाला खरं वाटत नाही, आणि मीही फारसं सांगत नाही.

आम्ही म्हणजे पेणच्या कॉलेजातल्या दहा जणी. नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. उंचीच्या नावाने बोंब होती. सगळ्यांत उंच जी होती ती माझ्या आजच्या फ्रिजएवढी असेल, आणि मी तर वर्गाच्या फोटोत कायम पहिल्या रांगेत खाली बसलेली. दोघी कबड्डीतून ओढून आणलेल्या, एक भालाफेकवाली, एक नुसती घरी लवकर जायचा कंटाळा म्हणून आलेली. माझं म्हणाल तर आई पापड लाटायची आणि दुपारी मी घरी दिसले की माझ्याही हातात लाटणं यायचं. बास्केटबॉलवर माझं प्रेम असं सुरू झालं. उगाच मोठ्या गोष्टी कशाला सांगू.

आम्हाला शिकवायचे ते सर कॉलेजचे नव्हतेच. नागोठण्याकडच्या एका कंपनीत ते ऑपरेटर होते. तरुणपणी कुठेतरी खेळलेले, पेणमध्ये खोली घेऊन राहायचे, आणि आमच्या सरावाची वेळ त्यांच्या शिफ्टवर ठरायची. त्यांची पहिली शिफ्ट असली की आम्ही संध्याकाळी, दुसरी असली की सकाळी. तिसरी करून आले की कंपनीच्या बसमधून उतरून थेट मैदानावर यायचे, बादली पालथी घालून त्यावर बसायचे आणि डोळे मिटायचे. आम्हाला वाटायचं झोपले. जरा कुणी रेंगाळली की डोळे न उघडता विचारायचे, "कोण थांबलं?" पायांच्या आवाजावरून त्यांना सगळं कळायचं.

पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला ओळीत उभं केलं, डोक्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "वर बघायचंच नाय. वर त्यांचं राज्य. आपण खालचं बघू."

खालचं म्हणजे पळणं. बाकीचे संघ बास्केट झाली की आपापल्या अर्ध्यात परत जाऊन उभे राहायचे, समोरच्यांना चेंडू घेऊन आरामात येऊ द्यायचे. आम्ही परत जायचोच नाही. चेंडू आत आला रे आला की दोघी जणी त्या पोरीच्या अंगावर, बाकीच्या तिघी तिच्या मैत्रिणींच्या वाटेत. अर्धं मैदान ओलांडायला दहा सेकंद मिळतात. ते दहा आम्ही पाची जणी मिळून मोठ्याने मोजायचो, भाजीवाल्यासारख्या गळा काढून. सहाच्या पुढे समोरच्या पोरीचे डोळे भिरभिरायला लागायचे. आठला ती चेंडू कुठेही फेकायची, आणि कुठेही म्हणजे बहुतेक वेळा आमच्या हातात. मग आम्ही पळत सुटायचो आणि मिळेल तिथून रिंगवर मारायचो. गेला तर गेला, नाही तर पुन्हा धरायचं. पंच वैतागायचे. एकदा एका पंचाने सरांना विचारलं होतं, या पोरींना श्वास घ्यायला कधी देता.

त्याचंच उत्तर म्हणजे शिफ्ट. असं जीव तोडून पळणं कुणालाही दोन मिनिटांच्या वर जमत नाही, हे सरांना माहीत होतं. म्हणून दहा जणींच्या त्यांनी दोन शिफ्टा केल्या. पाच आत, पाच बाहेर. दोन मिनिटं झाली की सर खांद्यावरचा टॉवेल वर करायचे, बाहेरच्या पाच जणी टेबलाजवळ उभ्या राहायच्या, आणि पुढची शिट्टी वाजली की पाचच्या पाच बदलायच्या. तुम्ही कितीही छान खेळत असा, बाहेर. तुमच्या लागोपाठ तीन बास्केट झालेल्या असोत, बाहेर. आमच्याकडे हुकमी एक्का नावाचा प्रकार नव्हता.

आणि कंपनीतली आणखी एक गोष्ट त्यांनी आमच्यात आणली होती. तिच्याबद्दल मला आजही कुणाला सांगावंसं वाटतं, पण सांगितलं की लोक नुसतं हं म्हणतात. कंपनीत तुमची जागा घेणारा माणूस आल्याशिवाय तुम्ही मशीन सोडत नाही. त्याला रिलिव्हर म्हणतात. तो आला की त्याला चार्ज द्यायचा, म्हणजे काय चालू आहे, काय बिघडलं आहे ते सांगायचं आणि मगच निघायचं. आमच्यात प्रत्येकीला तिची ठरलेली रिलिव्हर होती. बाहेर येणारीने तळवा पुढे करायचा, आत जाणारीने त्यावर तळवा मारायचा, आणि तेवढ्या वेळात चार्ज द्यायचा. दोनच शब्द. "चार डावरी." "सात दमली." "कोपरा ओला." तिसऱ्या शब्दाला सर ओरडायचे.

एक अपवाद होता. तुमच्या हातात काम अर्धं असेल, म्हणजे समजा तुम्हाला फ्री थ्रो मिळाला आहे आणि तो तुम्हीच घ्यायचा आहे, तर तळवा पुढे न करता सरळ वर करायचा. काम अर्धं आहे, थांब. मग तुमची रिलिव्हर परत जाऊन बसायची, पुढची शिट्टी होईपर्यंत. यात सर कधी मध्ये पडायचे नाहीत. मशीनवर जो उभा आहे त्यालाच माहीत, असं म्हणायचे. वर केलेल्या तळव्यावर आम्ही दहाही जणी डोळे झाकून विश्वास ठेवायचो.

माझी रिलिव्हर पेणजवळच्या जोह्याची होती.

सरांना ती पेणच्या एसटी स्टँडवर सापडली. सुटलेल्या गाडीमागे धावत तिने ती गाठली, दाराचा दांडा धरला, वर चढली, आणि कंडक्टरशी भांडायलाही तिच्यात दम उरला होता. दुसऱ्या दिवशी सर स्टँडवर तिची वाट बघत उभे. जोह्याला घरोघरी गणपती करतात, तिच्याही घरी कारखाना. वडील मूर्तिकार, आणि ही आखणी करायची. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात नाजूक काम. त्यात हात थरथरला की मूर्ती वाया. तिचे वडील घरातल्या दोन मुलांना ते काम देत नव्हते, तिलाच द्यायचे. डोळा काढताना ती श्वास रोखून धरायची. तिचा दम एवढा कसा, याचं माझ्यापुरतं उत्तर मी तेच ठरवून टाकलं होतं.

तिचा तळवा मला अजून आठवतो. प्लास्टरने कोरडा पडलेला, खरखरीत, आणि सीझनमध्ये नखांच्या कडांना गुलाबी रंग. सामना संपला की माझ्या उजव्या हातावर तो रंग उतरलेला असायचा. आई विचारायची, हे कसलं गं. मी म्हणायचे, चार्ज. आमची जवळची मैत्री म्हणावी तर एका ताटात कधी जेवलो नाही, एकमेकींची गुपितं कधी सांगितली नाहीत. ती आत असताना मी बाहेर, मी आत असताना ती बाहेर. एकत्र असे आम्ही फक्त तळव्यापुरते. पण माझ्या आयुष्यात त्यानंतर मला कुणीही इतकं नेमकं काही सांगितलेलं नाही. लग्न झालं, पोरं झाली, माणसं तासन्‌तास बोलली, आणि मी मनात म्हणत राहिले, दोन शब्दांत सांगा ना.

तिच्या घरी खेळणं मान्य नव्हतं असंही नाही. तिच्या वडिलांना ते काय आहे हेच माहीत नव्हतं. ऐन सीझनमध्ये पोर कारखाना सोडून पेणला जाते, इतकंच त्यांना कळायचं. गोकुळाष्टमीच्या आसपास कारखान्यात पाय ठेवायला जागा नसते, दिवसाला किती डोळे काढायचे असतात, आणि ही बाई सहाच्या एसटीने परत. त्या वर्षी ती मला म्हणाली, "बाबा बोललाय, एकदा बघतो काय करतेस ती. बघून मग सांगतो, पुढच्या वर्षी पाठवायची का नाय."

"मग बोलव ना," मी म्हटलं.

"त्याला वेल कुठं गो."

मग वेळ मिळाला तो असा. आमच्या झोनचे सामने त्या वर्षी रोह्याला होते, याच कॉलनीच्या मैदानावर. आणि फायनलच्या दिवशी तिच्या वडिलांना रोह्याच्या एका व्यापाऱ्याकडे गणपतींचा टेम्पो घेऊन यायचं होतं. माल उतरवायला त्यांची मुलं होती. तेवढ्या वेळात ते मैदानावर येणार, आणि टेम्पोवाल्याने हॉर्न दिला की निघणार, कारण त्या टेम्पोला वडखळहून दुसरा माल घ्यायचा होता. ती आठवडाभर हे सांगत होती. आम्हा दहाही जणींना पाठ झालं होतं.

दोन दिवस पावसाने उघडीप दिली होती. सकाळी आम्ही झाडू घेऊन सिमेंटवरचं पाणी लोटलं. समोर पनवेलकडचं एक कॉलेज, उंच, गोऱ्या, एकसारख्या वेण्या घातलेल्या पोरी. आणि टेबलाच्या बाजूला दोन खुर्च्यांवर मुंबईहून आलेले दोन निवड करणारे. विद्यापीठाच्या संघासाठी मुली बघायला आलेले. आदल्या दिवशी सेमीफायनलनंतर नळावर पाणी पिताना मी त्यांचं बोलणं ऐकलं होतं. एक जण म्हणाला, "पेणच्या मुली चांगल्या आहेत, पण नाव कुणाचं लिहू? सगळ्या सारख्याच दिसतात." त्यांनी सरांनाही विचारलं, तुमच्यातली सगळ्यात चांगली कोण. सर म्हणाले, "कुठल्या शिफ्टमधली?" आणि हसून निघून गेले.

मला सरांचा इतका राग आला होता. विद्यापीठाकडून खेळणं म्हणजे मुंबईला जाणं, पुढे खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी, लाटण्यापासून कायमची सुटका. आणि हा माणूस हसून निघून जातो. रात्रभर मी कूस बदलत होते. सारख्या दिसतात म्हणजे काय. माझ्या बुटकेपणासकट मी सगळ्यांसारखी कशी दिसेन.

फायनल सुरू झाली. पहिल्या अर्ध्याची दहा-बारा मिनिटं गेली असतील. तिची शिफ्ट संपली, टॉवेल वर झाला, आम्ही पाच जणी टेबलाजवळ उभ्या राहिलो. शिट्टी वाजली. ती धावत आली, तळवा पुढे केला, मी तळवा मारला, आणि तिने चार्ज दिला.

"बाबा हाय."

खेळाबद्दल नसलेला चार्ज आमच्यात तोच एकदा दिला गेला. मी आत जाताना कुंपणाकडे बघितलं. पांढरा सदरा, खांद्यावर पंचा, पंच्याला पेंढ्याचे तुकडे चिकटलेले. त्यांनी नुकतीच मान वर केली होती आणि त्यांना दिसली ती बाहेर जाणारी मुलगी. ती बाकावर बसली, टॉवेलने तोंड पुसलं, आणि तिने बोटाने मला खूण केली. दोन मिनिटं. मग मी.

त्या दोन मिनिटांत मी काय खेळले ते मला पाऊल न्‌ पाऊल आठवतं. पहिला चेंडू मी डाव्या कोपऱ्यात हिसकावला आणि बास्केट केली. पुढचा त्यांच्या पोरीने आठच्या मोजणीला माझ्याच हातात दिला, तीही बास्केट. खुर्चीवरच्या दोघांपैकी एकाने मान वाकवून दुसऱ्याला काहीतरी विचारलं. त्याने कागद उलटला. माझ्या नंबरकडे बोट दाखवलं. हे मी बघितलं. धावताना माणसाला किती दिसतं याचं मला आजही नवल वाटतं.

मग टॉवेल वर झाला. टेबलाजवळ पाच जणी उभ्या राहिल्या. ती सगळ्यात पुढे होती, एक पाय रेषेवर. शिट्टी वाजली, चेंडू बाहेर गेला होता, पंचाने हात केला, आमच्या चार जणी बाहेर निघाल्या. ती आत यायला निघाली. माझा तळवा पुढे यायला हवा होता.

मी तो वर केला.

काम अर्धं आहे, थांब. माझ्याकडे कसलं काम होतं? फ्री थ्रो नाही, काही नाही. खुर्चीवरचा माणूस पेन उघडत होता, एवढंच. तिने माझ्या तळव्याकडे बघितलं आणि जागच्या जागी वळली. एक क्षणही विचार केला नाही, वळली आणि जाऊन बाकावर बसली. चौघी आत आल्या. कुंपणापलीकडून जो बघत असेल त्याला काय दिसलं असेल? चार पोरींना आत घेतलं, आणि ही तेवढी नको म्हणून परत पाठवली.

पुढची शिट्टी यायला बराच वेळ लागला. खेळ वेगात होता, चेंडू थांबतच नव्हता, आणि त्याला तसा वेगात ठेवण्यात माझाच हात होता. मी आणखी एक बास्केट केली. पळून पळून छातीत कळ येत होती. आणि त्या गदारोळात, आम्ही सात म्हणत असताना की आठ, रस्त्यावरून टेम्पोचा हॉर्न आला. लांब, दोनदा. मी कुंपणाकडे बघितलं नाही. मला बघायची गरज नव्हती.

शिट्टी वाजल्यावर मी तळवा पुढे केला. तिने तो मारला. मी चार्ज द्यायला तोंड उघडलं आणि काही सुचलं नाही. ती न थांबता आत गेली.

सामना आम्ही जिंकलो. दुसऱ्या अर्ध्यात ती अशी खेळली की पनवेलच्या पोरींना चेंडू आत टाकायला कुणी तयार होईना. हरलो असतो तर कुणी काही विचारलं तरी असतं. जिंकल्यावर पेढे आले. फक्त सर माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "पहिल्या अर्ध्यात काम काय अर्धं होतं?"

"बुटाची नाडी, सर," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या बुटाकडे बघितलं. दुहेरी गाठ मारलेली, चिखलाने घट्ट झालेली. मग ते पेढ्याचा खोका पुढच्या मुलीकडे घेऊन गेले. परतीच्या गाडीत तीच नाडीची गोष्ट मी तिलाही सांगितली. ती म्हणाली, "होतं गो असं," आणि नागोठण्यापर्यंत खिडकीतून बाहेर बघत राहिली.

गणपती झाले, कॉलेज परत सुरू झालं. ती सरावाला आली नाही. आठ दिवसांनी मला एसटी स्टँडवर भेटली, हातात रंगाच्या डब्यांची पिशवी. मी विचारलं, कधी येतेस. ती म्हणाली, "बाबा नको म्हनला. बोलला, पोर बाकड्यावर बसलेली बघितली. परत पाठवली तिला. बसायचंच हाय तं इथं बस, चार डोळे तरी होतील." आणि हसली. रागाचं नव्हतं ते हसणं, त्यात वडिलांची नक्कल होती, आणि ती तिला छान जमायची. माझ्या पर्समध्ये विद्यापीठाच्या शिबिराचं पत्र होतं. मला तिथल्या तिथे तोंड उघडता आलं असतं. दोन शब्द पुरले असते. मी म्हटलं, "अरेरे," आणि तिची गाडी लागली. या वेळी ती आरामात चढली.

दहाच्या नऊ झाल्या की शिफ्ट चालत नाही. सरांनी दोन महिने जमवून बघितलं. मग त्यांची बदली दुसऱ्या राज्यातल्या प्लँटवर झाली आणि ते बादली आमच्या हवाली करून गेले.

मुंबईच्या शिबिराचं काय सांगू. तिथे सगळं संथ होतं. चेंडू आणायचा, उंच मुलीला द्यायचा, तिने वळून टाकायचा. मला मध्येच धरायला धावताना बघून तिथल्या बाई म्हणाल्या, अगं कुठे चाललीस. सात दिवसांत मी एकदाच नीट खेळले. बाहेर येताना सवयीने तळवा पुढे केला. आत जाणाऱ्या मुलीने त्याच्याकडे बघितलं, तिला वाटलं मी काही मागतेय, आणि ती बाजूने धावत गेली. मी हात तसाच घेऊन बाकावर बसले. त्याच दिवशी मला कळलं की मी चांगली खेळाडू कधीच नव्हते. मी एका चांगल्या गोष्टीचा दहावा भाग होते, आणि तो भाग वेगळा काढला की त्याची काही किंमत नव्हती. नोकरीही नंतर लागली ती पोस्टाच्या परीक्षेने, खेळाने नाही.

तीसेक वर्षं मी जोह्याला गेले नाही. पेणला माहेरी जायचे, आमच्या रोह्याच्या घरचा गणपती बाजारातून घ्यायचे. दर वर्षी मूर्तीचे डोळे मात्र जवळ जाऊन बघायचे. हा तिचा असेल का. तिचा ओळखू येईल असं मला वाटायचं, का कोण जाणे. मग गेल्या वर्षी आमच्या बाजारातला तो मूर्तीवाला दुकान बंद करून मुलाकडे गेला. सासूबाई म्हणाल्या, तू पेणची ना, जाऊन आण चांगलासा. सबब संपली.

कारखाना सापडायला वेळ लागला नाही. पत्र्याची शेड, आत ओळीने मूर्ती, बाहेर हिरवं भात. दारात खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ, डोळ्यांवर काळा चष्मा. आत कमरेएवढ्या मूर्तीसमोर ती पाटावर बसली होती. केस पांढरे, खांदे तेच. ब्रश डोळ्यावर टेकलेला होता, म्हणून तिने वर बघितलं नाही.

"कोन आयलं?" म्हाताऱ्यांनी विचारलं. त्यांना दिसत नव्हतं.

मी सांगितलं, तुमच्या मुलीबरोबर कॉलेजात खेळायचे. पेणची.

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "रोह्याला होतीस काय गो? मी आयलेलो ना बघायला. एक बारकी पोर होती तुमच्यात, एवढीशी. काय पलत होती, बाप रे. सगल्यांच्या हातातून काढून घेत होती. मी घरी येऊन हिला बोललो, त्या बारकीसारखी पललीस तं तुला कोन बसवील? किती वर्सं बोलायचो." ते हसले, आणि मग हसणं आवरून आवाज खाली केला. "आमची बसलेलीच बघितली मी. ती पन तशी पलायची काय गो कधी?"

शेडमध्ये एक पंखा फिरत होता. तीसेक वर्षं न सांगितलेलं सगळं एकदम ओठांवर आलं. ती बारकी मीच. त्या दिवशी माझ्या हातात काम नव्हतं. तिची पाळी होती, तिने मला सांगितलं होतं तुम्ही आलात म्हणून, आणि मला सगळं माहीत होतं. मी त्यांच्या खुर्चीजवळ खाली बसले आणि म्हणाले, "बाबा, मला तुम्हाला एक सांगायचंय."

तिचा डावा तळवा वर झाला.

मान वळली नव्हती. उजव्या हातातला ब्रश मूर्तीच्या डाव्या पापणीवरून सरकत होता, श्वास रोखलेला, आणि डावा हात सरळ वर. बोटांच्या कडांना गुलाबी रंग. मी थांबले. त्या तळव्याला मी दुसरं काय करणार होते? म्हातारेही थांबले, शेवटच्या रेघेला ती श्वास रोखते हे त्यांना कानांनी कळायचं. पापणीची रेघ कानाकडच्या टोकापर्यंत गेली, बारीक झाली, संपली. तिने श्वास सोडला. ब्रश पाण्यात बुडवला, फडक्याला पुसला, मूर्तीकडे एकदा लांबून बघितलं.

मग ती पाटावरून उठली, वडिलांच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "हं. आता सांग त्याला. मला पन ऐकायचाय."